शुक्रवारची खळ

६ जानेवारी २०२५, सोमवार

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मला कुणी काही विचारायला आलं असेल तर गॅसचा नंबर कसा लावायचा, एवढंच. आज प्रितेश आला आणि विचारता झाला, "सर, समुद्राच्या तळाला भोक पाडणं स्वस्त कसं करता येईल?"

प्रितेश म्हणजे काल्हेरच्या बाळारामशेठचा मुलगा. नववीला रसायनशास्त्रात त्याला पैकीच्या पैकी द्यायची वेळ आली होती. शेफारू नये म्हणून मी एक मार्क कापला. पुढे पोरगा नऊ वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींवर होता. गेल्या वर्षी नोकरी सोडून त्याने बापाच्या एका गोडाऊनमध्ये छोटी प्रयोगशाळा थाटली आहे.

झालंय असं, की तज्ज्ञांच्या एका समितीने लहान प्रयोगशाळांना आवाहन केलंय. तेल आणि वायूसाठी समुद्रात खोदणं स्वस्त करायचं, तर संशोधनात आधी काय आणि नंतर काय हवं? पाच गोष्टी, क्रमाने, एका पानावर. आणि पहिल्या गोष्टीला प्रयोगाचा पुरावा. मुदत १७ फेब्रुवारी. निवड झाली तर वर्षभर खऱ्या विहिरीवर चाचणी आणि प्रयोगशाळेचा खर्च. नाही झाली तर १ एप्रिलला बाळारामशेठ गोडाऊन कुरियर कंपनीला देणार. "मग माझं दुकान बंद, सर. पुन्हा नोकरी," प्रितेश म्हणाला. त्याला माझ्याकडून प्रयोगवही लिहून हवी आहे. "तुमच्यासारखी वही कोण ठेवतं?" म्हणाला. मी फुगलो, हे इथे कबूल करतो.

तो गेल्यावर माई, म्हणजे माझी थोरली बहीण, स्वयंपाकघरातून म्हणाली, "तेलातलं तुला काय कळतं रे प्रभाकर? परवा शेंगदाण्याचं आणायला पाठवलं तर पामचं घेऊन आलास."

९ जानेवारी, गुरुवार

काल्हेरला जाऊन आलो. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या रांगा, मधून रिक्षा कशी काढली ते त्या रिक्षावाल्यालाच ठाऊक.

मी समजत होतो, अंगणात बोअर मारतात तसं समुद्रात मारत असतील. छे! तिथे पोकळ नळीतून एक चिखल खाली सोडतात. प्रितेश त्याला 'मड' म्हणतो. तो पात्याच्या तोंडातून बाहेर पडतो आणि कुटलेला दगड घेऊन नळीच्या बाहेरून वर येतो. शिवाय पातं थंड ठेवतो आणि आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. एवढी कामं एक चिखल करतो आणि मला अडुसष्ट वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मी एकतीस प्रश्न विचारले. बत्तिसाव्याला प्रितेश म्हणाला, "सर, जेवून घेऊ या का?"

प्रितेशचा बेत असा: बाहेरून येणारी महाग पूड टाळायची आणि चिखलात आपल्या भिवंडीची खळ वापरायची. लूमवर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला स्टार्चची पेज पाजतात, ती खळ. ती शिजवायला त्याने चांगदेव नावाचा माणूस ठेवला आहे. खारबावचा, साठीच्या आत-बाहेरचा, पस्तीस वर्षं सायझिंगमध्ये खळ शिजवलेला. माणूस शांत आहे, पण सवयी वाईट. मोजमाप न करता हाताच्या अंदाजाने टाकतो. मी लगेच हटकलं.

तो हसून म्हणाला, "सर, पेन अजून लालच हाय का?"

मास्तरच्या खिशात दुसरं काय असणार, मी म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन प्रयोगशाळेत गेलो तर बाळारामशेठ एका वायरमनला घेऊन भिंती मोजत होते. कुठून लाइन आणायची, जड यंत्र ठेवलं तर लादी तग धरेल का, असं चाललं होतं. म्हणजे कुरियरवाल्यांची तयारी सुरू. पोराची मुदत संपायच्या आधीच! माझं पित्त खवळलं, पण सणाचा दिवस म्हणून तिळगूळ हातावर ठेवला.

"गोड बोला, शेठ."

"मी गोडच बोलताव मास्तर, तुमीच रागं भरताव," ते म्हणाले आणि परत वायरमनकडे वळले.

१९ जानेवारी, रविवार

माईचे गुडघे धरलेत, म्हणून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. ती पाय सोडून बसली आणि मी पिशवीतून थर्मामीटर काढला. लोक बघायला लागले. माई म्हणाली, "लाज आण रे थोडी. देवाच्या पाण्याला ताप आलाय का बघतोयस?"

पण मला राहवेना. जमिनीतून वर येताना निवत येऊनही हे पाणी इतकं गरम असेल, तर खाली काय असेल? तिथे आमची खळ टिकेल की पातळ पाणी होईल? हे मी प्रितेशला विचारलंच नव्हतं. बत्तिसावा प्रश्न हाच असायला हवा होता.

२२ जानेवारी, बुधवार

विचारलं. खोल गेलं की उष्णता वाढते आणि स्टार्च एका हद्दीपलीकडे मोडतो, म्हणे. म्हणजे आमचा चिखल विहिरीच्या वरच्या, कमी गरम भागापुरताच. बरं झालं, वेळेत कळलं.

यादीचा कच्चा मसुदा केला. पहिला क्रमांक: स्थानिक, स्वस्त घटकांचा चिखल. याला पुरावा म्हणून मी अठ्ठेचाळीस तासांचा प्रयोग आखला आहे. माणूसभर उंचीच्या दोन पारदर्शक नळ्या. दोन्हींत खारं पाणी आणि सारखी वाळू. डावीकडे बाजारातल्या पुडीचा चिखल, उजवीकडे खळीचा. आत पाती सतत फिरत राहतील आणि दर तीन तासांनी दाटपणाचा आकडा यंत्र स्वतः टिपेल. दोन्हींचे आकडे सारखे आले की काम फत्ते.

चहा पिताना प्रितेशने एक किस्सा सांगितला. एकदा वादळ आलं म्हणून खोदकाम थांबवावं लागलं. पुन्हा सुरू करायला गेले तर खालची नळी अडकलेली. न वर, न खाली. अकरा दिवस सगळं जहाज नुसतं उभं. "त्या जहाजाचं एका दिवसाचं भाडं ऐकलंत ना सर, तर पुन्हा झोप लागणार नाही," म्हणाला. किस्सा रंजक होता, पण आमच्या विषयाशी संबंध नाही, म्हणून वहीत घेतला नाही.

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी बारा वाजता प्रयोग सुरू झाला. परवा बारापर्यंत चालेल. प्रितेश कामासाठी पुण्याला गेला आहे, तेव्हा सगळी सूत्रं माझ्याकडे.

चांगदेव दोनदा मधे मधे बोलायला आला. "सर, उद्या जुम्मा हाय..."

"चांगदेव, आकडे घेताना मधे बोलायचं नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन. पस्तीस वर्षांची सवय आहे.

तो मागे सरला. मी निघताना पाहिलं तर तो उजव्या नळीपाशी उभा, आणि पिशवीतून काहीतरी काढून आत टाकतोय. मूठभर पिवळसर पूड आणि वर निळी चिमूट.

"काय टाकलंत?"

"काय न्हाय सर. सवयीनं टाकलं. गुरवार हाय ना."

गुरुवारचा आणि चिखलाचा काय संबंध? हे लोक उद्या यंत्राला हळदकुंकू वाहतील.

१ फेब्रुवारी, शनिवार

बोंबललं सगळं.

काल शुक्रवार. सगळे माग बंद, आणि काल्हेरच्या त्या फीडरची वीज देखभालीसाठी दिवसभर जाते. भिवंडीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण मी राहतो ब्राह्मण आळीत आणि माझ्या डोक्यात अजून शाळेचं वेळापत्रक. सुट्टी म्हणजे रविवार. काल मी माईला घेऊन डॉक्टरकडे होतो. आज सकाळी आठला कुलूप काढतो तर दोन्ही पाती थांबलेली. नोंदीवरून काल अकरा दहाला वीज गेली. परत आली तरी मोटार हाताने सुरू करावी लागते. म्हणजे जवळजवळ एकवीस तास चिखल नुसता उभा!

डाव्या नळीत वाळू तळाला बसून टणक झाली होती. बटण दाबलं तर मोटार घरघरली, पातं वाकलं, जळका वास आला. आता नवीन पातं करून आणावं लागणार. उजव्या नळीत सगळं परवा होतं तसंच. वाळूचा कण न् कण अधांतरी, खरवसात वेलदोडा अडकावा तसा. बटण दाबताच पातं फिरायला लागलं, वासही नाही. म्हणजे एक बिघडली आणि एक चालू, तुलना तरी कशाशी करायची? आकड्यांच्या रकान्यात एकवीस तासांचं भगदाड. नियम साधा आहे: खंडित झालेला प्रयोग रद्द. मी ते पान लाल पेनाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडलं आणि खाली सही केली.

चांगदेव नऊला आला. मी त्याला नको नको ते बोललो. जुम्म्याचं आधी का नाही सांगितलं, न विचारता पूड का टाकली, प्रयोग म्हणजे खानावळ वाटली का. तो सगळं उभ्याने ऐकत होता. वहीतल्या खोडलेल्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला. मग पिशवी उचलली आणि म्हणाला, "येतो सर."

मुकाट्याने गेला. एक शब्द उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रितेश परतला. त्याला सांगितलं: वीज गेली, प्रयोग रद्द, पातं वाकलं. वही दाखवली नाही. खोडलेलं पान काय दाखवायचं? त्याचा चेहरा पडला. पातं बनून यायला आठवडा. चांगदेव येत नाही, फोनही उचलत नाही. मुदतीला तेरा दिवस.

प्रितेश मला एका शब्दाने बोलला नाही. हल्ली ही माणसं मला बोलत का नाहीत?

६ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही, अन्न जात नाही. पोराचं दुकान माझ्या वेळापत्रकामुळे बसणार. माईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू त्या माणसाला बोलू दिलं नाहीस, हे मला काल्हेरहून इथे ऐकू आलं." मी म्हटलं, तू तिथे नव्हतीस. ती म्हणाली, "मला कशाला असायला हवं? मी तुला लहानपणापासून ओळखते."

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

प्रयोगशाळेत एकटाच बसलो होतो. बाळारामशेठ आले, खुर्ची ओढून बसले. वाकलेलं पातं हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाले, "ह्ये कसं जालं?"

मला वाटलं, आता टोमणा येणार. तरी सांगितलं, की वीज गेली आणि वाळू बसली.

"मंग आमचंच जालं की ह्ये," ते म्हणाले. "खाडीतून रेती काडायचो ना मास्तर, तवा पंप लावायचो. पंप चालू हाय तवर सगलं बरा. रेती पान्यासंगं वर येते. पन डिझेल संपला, पंप बंद परला, का रेती खाली बसून पाइप धरते. मंग बैल लावा का बोट लावा. दोन पाइप खारीतच सोरून आलो. चालू कामाला खर्च न्हाय मास्तर. खर्च थांबल्याचा हाय."

मी म्हटलं, "पुन्हा बोला."

"काय?"

"शेवटचं वाक्य."

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. मोठ्याने म्हणाले, "खर्च थांबल्याचा हाय!"

अकरा दिवस उभं राहिलेलं जहाज. न वर, न खाली. मी उठून वही काढली आणि माझंच खोडलेलं पान वाचलं. लाल रेघेखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं: उजवी नळी, एकवीस तास बंद, वाळू अधांतरी, बटण दाबताच सुरू. म्हणजे जे शोधत होतो ते माझ्यापुढे उभं होतं आणि मी त्यावर काट मारून खाली सही केली होती! पस्तीस वर्षं पोरांना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' म्हणून ओरडलो. कमाल आहे माझी.

समिती विचारतेय, स्वस्त कसं करायचं. आम्ही स्वस्त वस्तू शोधत बसलो. चिखलाची किंमत त्या सगळ्या पसाऱ्यात किती ती! महाग आहे ते थांबणं, आणि थांबल्यावर पुन्हा सुरू न होणं.

पण त्या चिखलात चांगदेवने काय टाकलं होतं, ते मला ठाऊक नाही.

बाळारामशेठ अजून बसलेलेच होते. मला म्हणाले, "खारबावला जायाचा हाय ना? चला, गारी हाय." मी कुठे जायचंय हे बोललोही नव्हतो. आज उशीर झाला होता, उद्या जाऊ म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर वाक्यं जुळवली होती. चांगदेवच्या ओटीवर पोचलो आणि एकही आठवलं नाही. म्हटलं, "चांगदेव, माझं चुकलं. मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

तो म्हणाला, "बसा ना सर. मला सवय हाय."

चहा आला. मी वही उघडून त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, "गुरुवारी तुम्ही काय टाकता?"

मग त्याने सांगितलं. सायझिंगमध्ये शुक्रवारी सगळं बंद. हौदात उरलेली खळ एरवी शनिवारपर्यंत आंबते आणि तिचा गाळ खाली बसतो. मग सगळी फेकायची, हौद खरवडायचा. म्हणून गुरुवारच्या शेवटच्या हौदात चिंचोक्याची पूड जास्त टाकायची, म्हणजे खळ उभी राहते. आणि आंबू नये म्हणून चिमूटभर निळा मोरचूद. याला ते लोक 'शुक्रवारची खळ' म्हणतात. आमच्या गावात किती वर्षं चाललंय हे! माझ्या घरापासून मैलभरावर.

"पण हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"चिंचोका वस्तादानं. मोरचूद मला ठाऊक व्हतं." त्याने वही माझ्याकडे सरकवली. "शालंत बघितला व्हता."

मी विचारलं, किती टाकता, नेमकं सांगा. तो म्हणाला मूठभर. मी म्हटलं, मूठ मोजू या. त्याने पूड मुठीत धरली आणि मी पाच वेळा तराजूवर तोलली. पाचही वेळा जवळजवळ सारखं वजन! आणि मी या माणसाला मोजमाप शिकवत होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पातं आलं, चांगदेवही परत कामावर आला. या वेळी मुद्दाम गुरुवारी सुरू केलं आणि शुक्रवारी वीज जाण्याची वाट बघितली. अकराला वीज गेली, तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर ट्रकवाले शिव्या घालत होते.

डावीकडे साधी खळ, उजवीकडे शुक्रवारची. बाकी सगळं सारखं. आज सकाळी डावीकडे चार बोटं वाळू बसलेली आणि आंबट वास. उजवीकडे कण हललेला नाही. पुढे तापवूनही पाहिलं. नव्वद अंशांना टिकली, एकशे तीसला पार पाणी झालं. तेही तसंच लिहिलं.

प्रितेशच्या मते मोरचूद समुद्रात सोडता येणार नाही, माशांना घातक. चांगदेव म्हणाला, "बरोबर हाय. सायझिंगचं पानी नाल्यात सोरायचे, तवा नाल्यात बेडूक दिसायचा न्हाय." म्हणजे मोरचुदाऐवजी काय, हे शोधणं आलं. यादीत एक प्रश्न वाढला. मला आनंदच झाला.

बाळारामशेठ दारात उभे राहून सगळं बघत होते. वायरमन परत आलाय. कुरियरवाल्यांना भलतीच घाई दिसते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाठवलं.

पहिला अग्रक्रम: खोदकाम थांबल्यावर चिखलाचं काय होतं, ते पाहणं आणि थांबलेलं खोदकाम विनाअडथळा पुन्हा सुरू होईल असा चिखल करणं. त्याखाली मोरचुदाला पर्याय आणि उष्णतेची हद्द. मग थांबण्याची वेळ आधी कशी ओळखायची, ते. स्वस्त घटक, जे आमचं पहिलं होतं, ते पाचव्यावर गेलं.

पुरावा म्हणून दोन पानं जोडली. एक परवाचं. दुसरं १ फेब्रुवारीचं, लाल काटेसकट. प्रितेश म्हणाला, "सर, ते नको. नव्याने स्वच्छ लिहून देऊ." मी म्हटलं, वही ही वही असते. घडलं ते असंच घडलं.

संशोधकांच्या नावांत मी चांगदेवचं नाव पहिलं टाकलं. आडनाव, जन्मसाल विचारायला फोन केला. १९६७ म्हणाला. मग शिक्षण विचारलं. "आठवी," म्हणाला. कुठल्या शाळेत, तर आमच्याच! बघा, इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं. मी १९७९ ला लागलो, म्हणजे ओझरता पाहिलाही असेल याला.

१२ मार्च, बुधवार

समितीची दोन माणसं आली. एक बाई शास्त्रज्ञ आणि एक समुद्रावर केस पिकलेले इंजिनिअर. बाईंनी वही मागितली आणि थेट लाल पानावर आल्या.

"हे कोणी खोडलं?"

"मी," मी म्हटलं.

"का?"

"प्रयोग मधेच थांबला म्हणून. तेव्हा मला वाटलं, थांबला म्हणजे वाया गेला."

त्या इंजिनिअरकडे वळल्या. ते हसले. "बाई, आमच्याकडेही असंच खोडतात. मग अकरा-अकरा दिवस उभे राहतो," म्हणाले. नंतर दोघांनी चांगदेवला तासभर प्रश्न विचारले आणि मी गप्प बसलो. अवघड गेलं, पण बसलो.

ते गेल्यावर आम्ही दोघं पंख्याखाली बसलो. चांगदेव वही चाळत होता. त्या काटेवरून बोट फिरवत म्हणाला, "आठवीत माझं पान असंच खोरलं व्हतं तुमी."

"मी?"

"मोरचुदाचे खडे करायचे व्हते. तुमी म्हनला, तिसऱ्या दिवशी भांडं आना. मी कामावर गेलो, आलो आठव्या दिवशी. तुमी भांड्यात बघितला न्हाय. वहीवर रेघ मारून लिवलं, वेळ पाळली नाही."

मला ते आठवतही नव्हतं, हे जास्त लागलं.

"त्यापायी शाला न्हाय सोरली सर," तोच मला समजावत म्हणाला. "घरची अरचन व्हती. उगा मनाला लावून घेऊ नका."

१३ मार्च, गुरुवार

मोरचुदाचं द्रावण न हलवता जितके दिवस ठेवावं, तितका खडा मोठा होतो. हे मी पस्तीस वर्षं शिकवलं.

२४ मार्च, सोमवार

पत्र आलं. निवड झाली! वर्षभर खऱ्या विहिरीवर चाचणी, अट एकच: मोरचुदाला पर्याय आधी शोधायचा. प्रितेश नाचला. लहान मुलासारखा नाचला.

मी बाळारामशेठना म्हटलं, "आता तरी कुरियरवाल्यांना नाही सांगा."

"त्यांना संक्रांतीलाच न्हाय सांगितला," ते म्हणाले. "जनरेटर बसवायचा व्हता हितं, म्हनून वायरमन आनलेला. पोराला बोललो न्हाय. मुदत असली का हात चालतो." मग चांगदेवचं नाव घेऊन हसत म्हणाले, "पन त्यो सांगतो, शुक्रवारी जनरेटर चालवू नका, कामाची खोटी व्हईल!"

मी या माणसाला अडीच महिने काय काय समजलो होतो, ते वर लिहिलेलं आहेच. खोडत नाही.

संध्याकाळी पेढे घेऊन एकटाच खारबावला गेलो. शाळेच्या रिवाजाने चांगदेवला अरे-तुरे करायला हवं आता, पण तोंडून 'तुम्ही'च येतं. पत्र वाचून दाखवलं. त्याने आपलं नाव दोनदा वाचायला लावलं. मग आम्ही ओटीवर बसलो आणि मी पंचेचाळीस वर्षं राहिलेला प्रश्न विचारला.

"चांगदेव, ते खडे केवढे झाले होते?"

त्याने करंगळी वर केली आणि पहिल्या पेरावर अंगठा टेकवला.

"येवढाले. निले, लखलखीत. आयनं आरशापुढं ठेवले व्हते. येईल-जाईल त्याला दाखवायची, म्हनायची, माज्या पोरानं शालंत केलंय."